जूनमधला बर्फ : दिनदर्शिकेचा उन्हाळा आणि डोंगराचा उन्हाळा

सिएटल परिसरात जूनचा पहिला आठवडा म्हणजे उन्हाळ्याची सुरुवात. रात्री नऊपर्यंत उजेड असतो, घरोघरी भारतातून आलेले आई-वडील असतात आणि शनिवारी ‘माउंट रेनियर दाखवून आणू’ असा बेत सहज ठरतो. काही तासांच्या प्रवासानंतर पॅराडाइजच्या वाहनतळावर उतरावे, तर छायाचित्रांत पाहिलेली फुलांची कुरणे दिसत नाहीत. दिसतो तो पुरुषभर उंचीचा बर्फ. पायवाट त्याखाली कोठेतरी गडप झालेली असते.

पॅराडाइजची उंची सुमारे ५,४०० फूट, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या माथ्याइतकी. सह्याद्रीत जेथे चढाई संपते, त्या उंचीवर येथे ती सुरू होते. येथे वर्षाला सरासरी सुमारे ५३ फूट हिमवर्षाव होतो. १९७१-७२ च्या हंगामात तो ९३ फुटांहून अधिक झाला होता. एवढा थर वितळायला वेळ लागतो. त्यामुळे वरच्या पायवाटा बहुधा जुलैच्या मध्यानंतरच मोकळ्या होतात. ‘मेमोरियल डे’च्या सुट्टीपासून ते जुलैच्या मध्यापर्यंतचा काळ म्हणूनच फसवा असतो : हवा उन्हाळ्याची आणि जमीन हिवाळ्याची.

सह्याद्रीत घडलेल्या भटक्याची येथे एक विशिष्ट चूक होते. कातळ, घसारा, शेवाळ यांची सवय असल्याने बर्फही तसाच आणखी एक निसरडा पृष्ठभाग आहे, असे तो समजतो. परंतु कातळ सकाळी जसा असतो, तसाच दुपारी असतो. बर्फाचे तसे नाही. निरभ्र रात्री त्यातील उष्णता आकाशात निघून जाते आणि पहाटे तो काचेसारखा टणक होतो. ऊन चढले की वरचा थर मऊ पडतो आणि दुपारी पाय गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत आत जातो. याला येथे ‘पोस्टहोलिंग’ म्हणतात. एका मैलाला दुप्पट वेळ आणि श्रम लागतात, घोटा मुरगळतो, बूट भिजतात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : रात्र ढगाळ गेली असेल, तर बर्फ पुन्हा नीट गोठत नाही आणि सकाळीच दुपारसारखी अवस्था असते. म्हणून हवामानाचा अंदाज पाहताना दिवसाच्या तापमानाइतकेच आदल्या रात्रीकडेही लक्ष द्यावे.

दुसरा धोका दिसतच नाही, कारण तो पायाखाली असतो. वितळलेले पाणी ओढ्यांतून वाहते आणि वरचा थर खालून पोखरत जाते. वरून सपाट दिसणारी जागा प्रत्यक्षात ओढ्यावरचा बर्फाचा पातळ पूल असू शकते. खालून पाण्याचा आवाज येत असेल, पृष्ठभाग किंचित खचलेला वा काळपट दिसत असेल, तर ती जागा टाळावी. झाडांच्या बुंध्यांभोवती आणि मोठ्या खडकांच्या कडेलाही ऊन शोषले गेल्याने पोकळ्या तयार होतात. तेथून चार हात दूर चालावे.

जुलै २०१५ मध्ये सिएटलच्या उत्तरेकडील ‘बिग फोर’ डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या बर्फाच्या गुहा कोसळून मृत्यू झाला. त्यापूर्वी २०१० मध्येही तेथे एका मुलीचा बळी गेला होता. त्या ठिकाणी जाणारी वाट सोपी, जवळजवळ सपाट आहे. म्हणजेच वाट अवघड नसणे आणि जागा सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरी बाब उताराची. टणक बर्फाच्या तीव्र उतारावर पाय घसरला, तर माणूस काही क्षणांत वेग घेतो आणि हातांनी थांबणे जवळजवळ अशक्य होते. असा उतार ओलांडण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : मी घसरलो, तर कोठे जाऊन थांबेन? खाली मोकळे कुरण असेल, तर गोष्ट वेगळी. खडक, झाडे, ओढा किंवा कडा असेल, तर मागे फिरावे. बुटांना लावायचे मायक्रोस्पाइक्स सौम्य, गोठलेल्या वाटेवर उपयोगी पडतात. तीव्र उतारावर किंवा दुपारच्या भुसभुशीत बर्फात त्यांचा भरवसा नाही. क्रॅम्पॉन आणि आइस ॲक्स ही साधने सरावाशिवाय रक्षण करत नाहीत. हिमस्खलनाचे दैनंदिन अंदाज वसंत ऋतूत थांबतात, तेव्हा धोकाही थांबला, असा अर्थ काढू नये. उन्हाच्या दिवशी तीव्र उतारावरील ओला बर्फ जूनमध्येही सुटतो.

आणि मग पावलांचे ठसे. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघे अशाच एका शनिवारी ठशांमागून निघालो. पाऊण तासाने ते एका कड्यापाशी जाऊन थांबले. आमच्या आधी गेलेला माणूसही वाट चुकला होता आणि आम्ही त्याची चूक निष्ठेने गिरवली होती. ठसे एवढेच सांगतात की येथून कोणीतरी गेले. ते योग्य वाटेने गेले की नाही, हे सांगत नाहीत. आधीच फोनवर उतरवून घेतलेला नकाशा हाच खरा आधार, कारण वर बहुतेक ठिकाणी नेटवर्क मिळत नाही.

मग जूनमध्ये डोंगरावर जाऊच नये का? अवश्य जावे. निघण्यापूर्वी राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावरील पायवाटांची सद्यःस्थिती आणि ‘वॉशिंग्टन ट्रेल्स असोसिएशन’कडे भटक्यांनी नोंदवलेले ताजे अनुभव वाचावेत. मागील आठवड्याची नोंद मागील वर्षीच्या छायाचित्रापेक्षा मोलाची असते. परतीची वेळ घरीच ठरवावी. गॉगल आणि सनस्क्रीन विसरू नये, कारण बर्फावरून परतणारे ऊन हनुवटीखालीही भाजते. सोबत लहान मुले वा ज्येष्ठ असतील, तर पॅराडाइजला वाहनतळाच्या आसपासच शिखर डोळे भरून पाहावे आणि चालण्यासाठी ‘रॅटलस्नेक लेज’सारख्या कमी उंचीच्या वाटा निवडाव्यात.

सुट्टी मोजकी असते, पाहुणे सहा महिन्यांनी परतणार असतात, आणि एवढ्या लांब आल्यावर मागे फिरणे जिवावर येते. बहुतेक चुकीचे निर्णय याच क्षणी होतात. बर्फ जुलैअखेर ओसरेल, फुले ऑगस्टमध्ये फुलतील आणि शिखर तेथेच असेल. त्या दिवशी वाहनतळावरून परत फिरलेल्या कुटुंबाने काही गमावलेले नसते.