घरगुती हवामान केंद्राची जागा

घरगुती हवामान केंद्र म्हणजे तापमान, आर्द्रता, पाऊस, वारा व वायुदाब यांची नोंद घेण्यासाठी घराच्या आवारात किंवा गच्चीवर बसवलेला उपकरणांचा संच होय. त्याच्या नोंदींची विश्वासार्हता उपकरणाच्या दर्जाइतकीच जागेच्या निवडीवर अवलंबून असते. चुकीच्या जागी ठेवलेला तापमापक परिसरातील हवेचे नव्हे, तर शेजारच्या भिंतीचे किंवा पत्र्याचे तापमान सांगतो.

== महत्त्व ==
थोड्या अंतरावरही पावसात मोठा फरक पडू शकतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मि.मी. पावसाची नोंद झाली, तर कुलाबा येथे सुमारे ७३ मि.मी. अशा स्थानिक फरकांचा शोध घेण्यास घरगुती केंद्रे उपयुक्त ठरतात. मात्र जागा सदोष असेल, तर दिसणारा फरक निसर्गाचा की मांडणीचा, हे ओळखता येत नाही.

== तापमान व आर्द्रता ==
जागतिक हवामान संघटनेच्या निकषानुसार तापमापक जमिनीपासून १.२५ ते २ मीटर उंचीवर असावा. त्यावर थेट ऊन पडू नये आणि भोवती हवा खेळती असावी. यासाठी पांढऱ्या रंगाची, झडपांची पेटी वापरतात. ती स्कॉटिश अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांच्या नावाने ओळखली जाते. उत्तर गोलार्धात तिचे दार उत्तरेकडे ठेवतात.

तापमापक उत्तरेच्या भिंतीला लावावा, हा समशीतोष्ण प्रदेशातील सल्ला महाराष्ट्रात अपुरा पडतो. उन्हाळ्याच्या अखेरीस येथे सूर्य मध्यान्ही डोक्यावर येऊन पुढे उत्तरेकडे सरकतो. त्यामुळे काही आठवडे उत्तरेच्या भिंतीवरही ऊन येते. फरशी, डांबर, पत्र्याचे छप्पर व वातानुकूलन यंत्राचा बाहेरील भाग यांपासून तापमापक दूर ठेवावा. गवताळ किंवा मोकळी मातीची जमीन अधिक योग्य असते.

== पर्जन्यमापक ==
भारतात प्रचलित असलेल्या सायमन्स पर्जन्यमापकाचे तोंड जमिनीपासून सुमारे ३० सें.मी. उंचीवर असते. उंचीनुसार वाऱ्याचा वेग वाढतो व थेंब पात्राच्या तोंडावरून वाहून जातात. म्हणून गच्चीवरील नोंद बहुधा कमी भरते. झाड किंवा इमारत यांपासूनचे अंतर त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट असावे. ६ मीटर उंचीच्या घरापासून पर्जन्यमापक निदान १२ मीटर दूर हवा. नैर्ऋत्य मोसमी वारे लक्षात घेता घराच्या पूर्वेची व ईशान्येची आडोशाची बाजू टाळणे इष्ट ठरते. पात्र समतल व स्थिर असावे. डोलत्या कप्प्यांचे स्वयंचलित पर्जन्यमापक हलत्या खांबावर बसवल्यास पाऊस नसतानाही नोंद होऊ शकते.

== वारा व वायुदाब ==
वाऱ्याची प्रमाणित नोंद १० मीटर उंचीवर, मोकळ्या जागी घेतली जाते. अडथळ्यापासूनचे अंतर त्याच्या उंचीच्या किमान दहापट असावे. वायुदाबमापक घरातही ठेवता येतो, कारण आत-बाहेरचा दाब जवळपास सारखाच असतो. मात्र सुमारे ८ ते ९ मीटर उंचीमागे दाब १ हेक्टोपास्कलने घटत असल्याने स्थानाची उंची ठाऊक असावी लागते.

== मर्यादित जागेतील निवड ==
या अटी एकाच खांबावर पूर्ण होत नाहीत. शक्य असल्यास उपकरणे वेगवेगळ्या ठिकाणी बसवावीत. एकसंध संच असल्यास कोणत्या घटकाची नोंद सर्वांत महत्त्वाची, हे आधी ठरवावे. शेतीसाठी पावसाला प्राधान्य देणे सयुक्तिक ठरते. सज्जात पाऊस व वारा यांची विश्वासार्ह नोंद मिळत नाही.

== नोंदवही ==
उपकरणांची उंची, अडथळ्यांची अंतरे, बसवल्याचा दिनांक व नंतरचे बदल लिहून ठेवावेत. शेजारचे झाड वाढले किंवा नवी इमारत उभी राहिली, तर जुन्या व नव्या नोंदींची तुलना या टिपणांवाचून करता येत नाही. भारत हवामानशास्त्र विभाग सकाळी ८.३० वाजता मागील चोवीस तासांचा पाऊस मोजतो. घरगुती नोंदही त्याच वेळी घेतल्यास ती अधिकृत आकड्यांशी ताडून पाहता येते.