नेत्रजलातली प्रथिनं आणि अनुमानाचा प्रश्न

मंडळी, आपल्या धाडसारख्या गावात साठी ओलांडलेल्या माणसाला दिसेनासं झालं की घरचे म्हणतात, मोतीबिंदू असेल, पिकू द्या, मग काढू. पुष्कळदा तो मोतीबिंदूच असतो. पण काहींचा बिघाड भिंगात नसून मागच्या पडद्यात असतो, आणि तिथं भिंग बदलून नजर परत येत नाही. मग मागे काय बिघडलंय हे पुढच्या पाण्यावरून कळेल का?

हे पाणी म्हणजे अश्रू नव्हेत. डोळ्याच्या आत, भिंगाच्या पुढे जेमतेम पाव मिलिलिटर स्वच्छ द्रव असतो, तो नेत्रजल. दीड-दोन तासांत तो नवा होत राहतो. त्यात प्रथिनं असतात, पण रक्ताच्या मानानं अगदी थोडी. शस्त्रक्रियेच्या वेळी त्याचे थेंब घेता येतात. २०२३ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशा नमुन्यांत जवळजवळ सहा हजार प्रथिनं मोजली. त्यांतल्या २६ प्रथिनांवरून संगणकाला डोळ्याचं वय सांगता आलं, आणि मधुमेहानं पडदा बिघडलेले डोळे खऱ्या वयापेक्षा म्हातारे निघाले.

आम्ही पडलो तत्त्वज्ञानवाले, आम्हाला इथं न्यायदर्शन आठवतं. नदी फुगली, तेव्हा वर पाऊस झाला असणार. परिणामावरून कारणाकडे जाणारं हे शेषवत् अनुमान. बायोमार्कर त्याच जातीचा. पण पूर्वपक्ष लगेच विचारतो, पाणी कुठं अडवलेलं असेल तर? आपली पैनगंगाच घ्या. खाली पाणी वाढलं ते डोंगरातल्या पावसानं, की येळगावच्या धरणातून सुटलं म्हणून? नैयायिक म्हणतो, नुसती वाढ बघू नका; वेग, फेस, वाहत आलेली पानं-लाकडं बघा.

नेत्रजलात हाच पेच आहे. डोळ्याला सूज आली की रक्त आणि नेत्रजल यांच्यातला बांध सैल होतो, रक्तातली प्रथिनं आत झिरपतात. प्रथिन वाढलेलं दिसतं, पण ते पडद्यातून आलेलं नसतं. म्हणून त्या संशोधकांनी कोणतं प्रथिन कोणत्या पेशी बनवतात याची जुळणी लावली. म्हणजे लाकूड कुठल्या रानातलं, ते ओळखलं. आमच्या मते त्या कामातली खरी मोलाची गोष्ट हीच; वयाचं घड्याळ नंतर.

तेवढ्यानं कारण सिद्ध होत नाही, हेही खरं. १९९४ साली मधुमेही रुग्णांच्या डोळ्यांतल्या द्रवात व्हीईजीएफ हे नव्या रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन जास्त आढळलं. पुढे ते अडवणारी औषधं देऊन पाहिली, तेव्हा रोग आटोक्यात येऊ लागला. त्यांतलं रॅनिबिझुमॅब २००६ मध्ये अमेरिकेत उतारवयातल्या पडद्याच्या ‘ओल्या’ विकारासाठी मंजूर झालं. आज ही इंजेक्शनं आपल्याकडेही मिळतात.

नेत्रजलाची अशी तपासणी मात्र नेहमीच्या दवाखान्यात होत नाही. त्यासाठी डोळ्यात सुई घालावी लागते. तोवर घरी एवढं करा: एकेक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे बघा. सरळ कड वाकडी किंवा तुटलेली दिसली, तर पिकायची वाट न बघता पडद्याच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. मधुमेह असेल तर चांगलं दिसत असतानाही वर्षातून एकदा, बाहुली मोठी करून. आता तुमचे प्रश्न घेऊ.