घराचे रुग्णालय होते. खांब मात्र घराचेच राहतात

भूकंपाच्या नकाशावर रायपूर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात, म्हणजे झोन दोनमध्ये येते. एवढे सांगून येथील बांधकामांच्या सुरक्षिततेची चर्चा बहुधा आटोपती घेतली जाते. रुग्णालयांच्या बाबतीत तरी ती येथून सुरू व्हावी, असे मला वाटते. इतर इमारतींनी धक्क्यात उभे राहून माणसांना बाहेर पडू दिले, तरी त्यांचे काम भागते. रुग्णालयाचे खरे काम मात्र धक्क्यानंतर सुरू होते.

भारतीय मानक 1893 हा भेद मानते. त्याच्या 2016 च्या आवृत्तीत साध्या घराचा महत्त्व गुणांक 1 आहे आणि रुग्णालयाचा 1.5. म्हणजे त्याच जमिनीवर, तशाच बांधणीचे घर जेवढा आडवा जोर सोसेल असे आखायचे, त्याच्या दीडपट जोर रुग्णालयाने सोसला पाहिजे. झोन दोनचा गुणांक 0.10 आणि झोन तीनचा 0.16 आहे. त्यामुळे रायपूरमधील रुग्णालयाचा हिशेब 0.15 वर, म्हणजे झोन तीनमधल्या जबलपूरच्या साध्या घराजवळ पोहोचतो. त्या जबलपूरने 22 मे 1997 रोजी भूकंपाचा तडाखा सोसला आहे.

कमी धोक्याचा शिक्का ही हमी नव्हे, हे महाराष्ट्राला सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी उद्ध्वस्त झाली, तेव्हा ती सर्वांत सुरक्षित अशा झोन एकमध्ये होती. पुढे 2002 मध्ये तो झोनच रद्द करून दोनमध्ये मिसळण्यात आला. 26 जानेवारी 2001 रोजी भूजमध्ये तर जिल्हा रुग्णालयच कोसळले. जखमींना जेथे न्यायचे, तीच जागा ढिगाऱ्याखाली होती.

रायपूरमध्ये इमारतींचे उपयोग सतत बदलत आले आहेत. दाऊ कल्याणसिंह यांच्या दानातून रुग्णालय म्हणून उभी राहिलेली वास्तू राज्यनिर्मितीनंतर मंत्रालय झाली. 2012 मध्ये मंत्रालय नया रायपूरला गेले आणि 2018 मध्ये त्याच वास्तूत अतिविशेषोपचार रुग्णालय सुरू झाले. ही सर्वांना ठाऊक असलेली सरकारी इमारत आहे. माझी चिंता वसाहतींमधल्या बंगल्यांची आणि दुकानांच्या गाळ्यांवर चढवलेल्या मजल्यांची आहे. तेथे खाटा येतात, गच्चीवर पाण्याच्या जादा टाक्या चढतात, वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभाग थाटला जातो. खांब मात्र घराच्या हिशेबाचेच राहतात.

याविषयी मानक मोघम नाही. वापर बदलल्याने इमारतीचा महत्त्व गुणांक वाढत असेल, तर तिने त्या वाढीव गुणांकाच्या नव्या इमारतीचे निकष पूर्ण केले पाहिजेत, असे ते सांगते. पण मानकातले वाक्य आपणहून तपासणीला येत नाही. परवाना देणाऱ्याने ते विचारावे लागते. 9 जानेवारी 2021 रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा नवजात बालके दगावली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रायपूरच्या एका खासगी रुग्णालयातही आगीने रुग्णांचे बळी घेतले. तेव्हापासून ‘फायर ऑडिट’ हा शब्द सर्वतोमुखी झाला. खांबांतून धूर निघत नाही, म्हणून त्यांच्या तपासणीची मागणी कोणी करत नाही.

अशी सक्ती केली तर छोटी रुग्णालये बंद पडतील आणि गरिबांचे उपचार महागतील, हा आक्षेप मी हलका मानत नाही. म्हणूनच काम टप्प्याटप्प्याने व्हावे. जुन्या काँक्रीट इमारतींचे मूल्यमापन व मजबुतीकरण कसे करावे, हे भारतीय मानक 15988 ने 2013 मध्येच सांगून ठेवले आहे. पहिल्या टप्प्यात अतिदक्षता विभाग व शस्त्रक्रियागृह असलेल्या, घराची रुग्णालये झालेल्या इमारती घ्याव्यात. परवान्याच्या नूतनीकरणाच्या अर्जात एकच प्रश्न वाढवावा: ही इमारत कोणत्या महत्त्व गुणांकासाठी आखली होती? उत्तराखाली संरचना अभियंत्याची सही असावी. उत्तर ‘1’ आले, तर मजबुतीकरणाला मुदत द्यावी आणि सरकारी योजनांचे रुग्ण घेणाऱ्या छोट्या रुग्णालयांना त्यासाठी स्वस्त कर्ज मिळावे.