थंडीत अंग उलते, त्यावर दुधाची पावडर हा उपाय होय काय?



ऊसतोडणी आणि थंडी बरोबरच येतात. पिशोर परिसरात पहाटेचा गारठा वाढला, कोरडे वारे सुटले, की हातपाय उलतात, ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात. शहरात शिकणारी आपली पोरे हल्ली दुधाच्या प्रथिनांच्या पावडरीचे डबे घरी आणतात. "ही घ्या, कातडी सुधारते," असेही कोणी सांगतो. म्हणून हा खुलासा.

दूध फाडल्यावर जे पिवळसर पाणी सुटते, त्यातील प्रथिने गाळून, वाळवून ही पावडर करतात. ३० ग्रॅम पावडरीत साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिने असतात. गाईच्या पाऊण लिटर दुधात किंवा १०० ग्रॅम तूरडाळीतही जवळजवळ तेवढीच मिळतात. ६० किलो वजनाच्या निरोगी माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम पुरतात.

फार दिवस प्रथिनांची तूट राहिली तर कातडी बिघडते, हे खरे. पण रोज डाळ-दूध खाणाऱ्याचे अंग थंडीत उलते ते निराळ्या कारणाने. कोरडी हवा कातडीतील ओल ओढून घेते. त्यात कढत पाणी आणि साबण वरचा तेलकटपणा धुऊन नेतात. पिकाला पाण्याचा ताण असताना नुसते खत वाढवून काय होणार?

खोडव्यात पाचट पसरले की ओल टिकते, हे आपण जाणतोच. अंगावरचे तेल तेच काम करते. म्हणून कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ करावी, साबण बेताने लावावा आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळावे. टाचा रात्री कोमट पाण्यात दहा मिनिटे बुडवून, पुसून, व्हॅसलीन लावून मोजे घालावेत.

मधुमेह असणाऱ्यांनी मात्र पाय पाण्यात भिजत ठेवू नयेत, आणि भेगांकडे दुर्लक्ष तर मुळीच करू नये. पायाची जाणीव कमी झाली की जखम कळत नाही, ती चिघळते आणि पाय गमावण्याची पाळी येते. रोज तळपाय पहावेत, उसाला पाणी देताना अनवाणी जाऊ नये, भेगेतून रक्त वा पू दिसताच दवाखाना गाठावा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज पावडर घेऊ नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक सूचनांत अशा पावडरी टाळण्याचाच सल्ला दिलेला आहे.

आम्ही एवढेच सुचवू की, डब्यावर पैसा घालण्याआधी आपल्याच गोठ्यातले सगळे दूध डेअरीला जाते की लेकराबाळांना, म्हाताऱ्यांना पेलाभर राहते, हे प्रत्येकाने घरात पहावे.