नवा संगणक, जुनी विंडोज आणि अडकलेले दूध बिल

गेल्या पावसाळ्यात तालुक्यातील एका दूध संस्थेवर वीज पडली आणि पंधरा वर्षे चाललेला संगणक जळाला. हार्ड डिस्क तेवढी वाचली. चेअरमन अण्णांनी दुसऱ्याच दिवशी नवा कोरा संगणक आणून टेबलावर ठेवला. दहा दिवसांच्या बिलाला चार दिवस राहिले होते. बिल थांबले की उत्पादकाची पेंडीची उधारी थांबते, मग सकाळच्या रांगेत सेक्रेटरीची काय अवस्था होते ते ज्याने खुर्ची सांभाळली त्यालाच माहीत.

संस्थेचा हिशेबाचा प्रोग्राम डॉसवरचा, फॉक्सप्रोमध्ये बांधलेला. सभासदांची खाती, फॅटचे दरपत्रक, ॲडव्हान्सची कपात, सगळे त्याच्या पोटात. ज्याने तो करून दिला त्याने हा धंदा कधीच सोडला. नव्या संगणकात विंडोज ११. ती ६४ बिटची, आणि ६४ बिटच्या विंडोजवर डॉसचे असले १६ बिटचे प्रोग्राम चालतच नाहीत. दुकानदार म्हणाला, "साहेब, त्यात काय! जुनी विंडोज सेव्हन टाकू, ३२ बिटची. मिटलं."

मिटले नाही. पेन ड्राइव्हवरून विंडोज ७ सुरू केली, भाषा निवडायचे पहिले पान आले आणि माऊस मेला. "आवो, बाण जागचा हलंना, कीबोर्डचा दिवाबी लागंना," सेक्रेटरी सांगत होते. दोन कीबोर्ड बदलून पाहिले. दोष कीबोर्डचा नव्हताच.

जुन्या सर्व्हे नंबरचा नकाशा घेऊन नव्या गटात बांध शोधावा, तसा हा प्रकार. विंडोज ७ निघाली २००९ साली. यूएसबी ३ ची ओळख तिच्यात घातलेलीच नाही. पूर्वीच्या संगणकांत यूएसबी २ चा वेगळा भाग असे, त्यावर तिचे भागत होते. इंटेलने २०१५ च्या सहाव्या पिढीबरोबर तो काढून टाकला. तेव्हापासून विंडोज ७ ला कीबोर्ड दिसत नाही. मागे जुन्या पद्धतीचे गोल पिनचे छिद्र असेल तर गोल पिनचा कीबोर्ड चालतो, किंवा यूएसबीचे ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हमध्ये मिसळावे लागतात.

दुकानदाराने दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर मिसळून आणले. माऊस हलला. पुढे डिस्कच दिसेना! नव्या संगणकात एनव्हीएमई जातीची डिस्क असते, तिचाही ड्रायव्हर मूळ विंडोज ७ मध्ये नाही. तोही मायक्रोसॉफ्टने नंतर वेगळा दिला होता. एवढे करूनही शेवटची अडचण राहिलीच. नवे संगणक यूईएफआय पद्धतीने सुरू होतात, ३२ बिटची विंडोज ७ त्या पद्धतीने सुरू होतच नाही. जुनी बायोस पद्धत पेन ड्राइव्हपुरती चालली, पण या संगणकातली डिस्क त्या पद्धतीने सुरू होईना. यात दोन दिवस गेले, आणि दुकानदाराने दोन्ही दिवसांची मजुरी मागितली, हे मला तरी पटले नाही.

वाट दाखवली गावातल्याच, पुण्यात नोकरी करणाऱ्या एका पोराने. तो म्हणाला, "काका, नवी विंडोज हाय तशी ऱ्हाऊ द्या. तिच्या पोटात जुना संगणक बसवू." व्हर्च्युअलबॉक्स नावाचा प्रोग्राम मोफत मिळतो. तो आतल्या विंडोजला जुन्या धाटणीचा संगणक असल्याचे भासवतो. तिथे यूएसबी ३ नाही, एनव्हीएमई नाही, म्हणून भांडणही नाही. कपाटातून एक्सपीची जुनी सीडी निघाली, जळालेल्या संगणकाच्या डिस्कवरून हिशेबाचा फोल्डर उचलला, आणि रात्री अकराला ओळखीचा निळा पडदा दिसला. वजनकाट्याची नऊ पिनची वायर यूएसबीच्या जोडणीने लागली. सर्वात जास्त छळले ते प्रिंटरने. बिले दोन दिवस उशिरा निघाली, पण आकडा न चुकता निघाली.

आतल्या एक्सपीला मात्र त्याने इंटरनेट लावू दिले नाही. एक्सपीची सुरक्षा दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ ला थांबली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला. मे २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय पसरला, तेव्हा बळी पडलेले बहुसंख्य संगणक दुरुस्ती न घातलेल्या विंडोज ७ चेच होते.

ज्या संस्थांचा जुना संगणक अजून चालतो, त्यांच्या सेक्रेटरींनी नवा घेण्याआधी दुकानदारापुढे प्रोग्राम चालवून दाखवायची अट घालावी. हिशेबाचा पूर्ण फोल्डर दर बिलाला पेन ड्राइव्हवर घ्यावा आणि तो पेन ड्राइव्ह ऑफिसात न ठेवता घरी न्यावा. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइली लिबरऑफिसमध्ये आजही उघडतात. आकडे नीट दिसतात, जुन्या फॉन्टमधली मराठी नावे मात्र चमत्कारिक अक्षरांत येतात. म्हणून सभासद क्रमांकासह नावांची यादी कागदावर छापून ठेवलेली बरी. या संस्थेत ती यादी होती, पंपाच्या पावत्यांखाली दबलेली.