कारकीर्द, तालीम आणि करार : व्यावसायिक फुटबॉलपटूच्या घडणीसंबंधी काही विचार

'कारकीर्द' हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि दीर्घकाळ तो राज्यकर्त्याच्या किंवा अधिकाऱ्याच्या अंमलाचा काळ ह्या अर्थाने रूढ होता. खेळाडूची कारकीर्द हा प्रयोग त्या मानाने अलीकडचा होय. तथापि जुन्या अर्थाची छाया नव्या प्रयोगावरून सर्वस्वी पुसली गेलेली नाही. अंमलाला आरंभ असतो, शेवट असतो, आणि त्याच्या मुळाशी कोणीतरी दिलेली सनद असते. खेळाडूच्या बाबतीत ही सनद कोण देतो, कोणत्या वयात देतो आणि ती हाती येईपर्यंत मुलाचा भार कोण वाहतो, हे प्रश्न सातारा व सांगली ह्या जिल्ह्यांना नवे नाहीत. कुस्तीच्या निमित्ताने ते येथे पिढ्यान्‌पिढ्या विचारले गेले आहेत. फुटबॉलच्या निमित्ताने मात्र ते पुन्हा नव्याने विचारावे लागतात. प्रस्तुत लेखात एका तरुण इंग्रज फुटबॉलपटूची कारकीर्द नमुन्यादाखल घेऊन तिच्या शेजारी कृष्णाकाठच्या मल्लाची व कोल्हापूरच्या एका तरुण खेळाडूची वाटचाल ठेवली आहे, आणि तिन्हींची परिभाषा काय सांगते ते पाहिले आहे.

प्रथम खेळाडूच्या स्थानाचा विचार करू. बचाव व आघाडी ह्यांच्या दरम्यान खेळणाऱ्याला वृत्तपत्रीय मराठीत 'मध्यरक्षक' किंवा 'मधल्या फळीतील खेळाडू' म्हणतात. जुन्या पिढीच्या बोलण्यात तो 'हाफ' असतो. ह्यांपैकी 'मध्यरक्षक' हा शब्द अपुरा आहे. त्यात रक्षण आले, पण चेंडू पुढे नेणे, खेळाची गती ठरविणे आणि प्रसंगी गोल करणे ही कामे त्यातून सूचित होत नाहीत. 'मधली फळी' हा शब्द अधिक समर्पक असला, तरी तो क्रिकेटशी वाटून घ्यावा लागतो. क्रिकेटमध्ये मधली फळी म्हणजे फलंदाजीच्या क्रमातील मधले गडी. तेथे 'मधले'पण कालक्रमाचे असते. फुटबॉलमध्ये ते मैदानातील जागेचे असते. 'फळी' ह्या शब्दाचा सैन्याची रांग हा जुना अर्थ फुटबॉललाच अधिक जवळचा आहे. मधली फळी मोडली म्हणजे पुढची व मागची ह्यांचा संबंध तुटतो, हा फुटबॉलचा साधा नियम आहे. पुढील विवेचनात त्याचा उपयोग होईल.

आता इंग्लंडमधील नमुना पाहू. ज्यूड बेलिंगहॅम ह्याचा जन्म २९ जून २००३ रोजी स्टौरब्रिज ह्या गावी झाला. जवळच्याच बर्मिंगहॅम सिटी ह्या क्लबाच्या आठ वर्षांखालील गटात तो दाखल झाला आणि तेथेच वाढला. ६ ऑगस्ट २०१९ रोजी, वयाची सोळा वर्षे व अडतीस दिवस पूर्ण झाली असता, तो क्लबाच्या मुख्य संघातून प्रथम खेळला. त्या संघासाठी तो एकंदर ४४ सामने खेळला आणि २०२० च्या जुलैत जर्मनीतील बोरुसिया डॉर्टमुंडकडे गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याला इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात स्थान मिळाले. २०२३ मध्ये स्पेनमधील रेआल माद्रिदने त्याच्यासाठी डॉर्टमुंडला १० कोटी ३० लाख युरो इतकी निश्चित रक्कम देऊ केली, आणि पुढच्याच वर्षी रेआलने युरोपीय विजेतेपद मिळविले तेव्हा तो त्या संघात होता.

ह्या वाटचालीत प्रतिभेचा भाग वादातीत आहे. परंतु त्याखाली असलेली पायऱ्यांची रचना अभ्यासकाने दृष्टीआड करू नये. इंग्लंडमध्ये क्लबाच्या प्रशालेत मुलाची रीतसर नोंद नवव्या वर्षाच्या सुमारास होते. सोळाव्या वर्षी निवडक मुलांना दोन वर्षांची छात्रवृत्ती मिळते. आणि व्यावसायिक करार वयाच्या सतराव्या वर्षापूर्वी करता येत नाही. लहान गटांतील मुलांनी घरापासून प्रशालेपर्यंत किती वेळ प्रवास करावा, ह्यालाही मर्यादा घातलेली असते. त्यामुळे सोळा वर्षांचा होईपर्यंत बहुसंख्य मुलगे आपल्या घरी जेवतात व आपल्या गावच्या शाळेत जातात. प्रत्येक पायरीवर गळती मोठी असते आणि ती क्रूरही असते. पण गळणारा मुलगा निदान आपल्या घरीच परततो.

कृष्णाकाठची परंपरा ह्याहून निराळी आहे. मल्लाच्या व्यवसायाची परिभाषा पाहिली तर ती बरीचशी अरबी-फारसी मुळाची, परंतु पूर्णपणे गावात मुरलेली आढळते. 'तालीम' हा मूळचा शिक्षण ह्या अर्थाचा अरबी शब्द. मराठीत तो शिक्षणाचे स्थळ आणि सराव अशा दोन्ही अर्थांनी स्थिरावला. 'वस्ताद' म्हणजे उस्ताद, 'खुराक' म्हणजे आहार. ह्यांना 'जोड', 'मैदान', 'इनाम', 'गदा' हे शब्द जोडले म्हणजे मल्लाच्या आयुष्याचा आराखडा पुरा होतो. ह्या शब्दांत कराराचा वाचक असा एकही शब्द नाही, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. खुराक घर पुरवी, गाव पुरवी किंवा संस्थानिक पुरवी. त्याच्या मोबदल्यात मल्लाने काय द्यावयाचे ते कोठे लिहिलेले नसे, पण ते सर्वांना ठाऊक असे. तो गावाचे नाव राखी.

ह्या व्यवस्थेचे बळ आणि तिची मर्यादा खाशाबा जाधव ह्यांच्या चरित्रात एकत्र दिसतात. सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर येथे १९२६ साली जन्मलेले खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. त्या प्रवासाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या वेळी संस्थान विलीन झालेले होते. तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी जमविली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या आधारावर स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. राजाश्रय गेला, करार अद्याप आला नव्हता, आणि मधल्या काळात एका शिक्षकाच्या घराने तो भार वाहिला. पुढे १९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे मारुती माने ह्यांनी १९६४ मध्ये 'हिंदकेसरी' हा किताब मिळविला. तोही किताबच होता, वेतन नव्हे.

व्यावसायिक खेळाची नवी परिभाषा ह्या प्रदेशात प्रथम ठळकपणे आली ती क्रिकेटद्वारा. सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधना हिच्यावर १३ फेब्रुवारी २०२३ रोजी महिला प्रीमिअर लीगच्या पहिल्या लिलावात ३ कोटी ४० लाख रुपयांची बोली लागली. त्या दिवसाची ती सर्वोच्च बोली होती. हळदीच्या सौद्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शहराला 'बोली' हा शब्द अपरिचित नव्हता. माणसाच्या कौशल्याला तो लागू होणे मात्र नवे होते. ह्याच संदर्भात 'हौशी' आणि 'धंदेवाईक' ही जोडी आठवते. विष्णुदास भावे ह्यांनी १८४३ मध्ये ज्या सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले, त्या सांगलीला नाट्यक्षेत्रातील ही जोडी चांगली परिचित आहे. 'धंदेवाईक' ह्या शब्दाला चिकटलेला कमीपणा 'व्यावसायिक' ह्या शब्दाने दूर केला. परंतु शब्द बदलला म्हणून व्यवस्था आपोआप उभी राहत नाही.

फुटबॉलच्या बाबतीत ही उणीव स्पष्ट दिसते. इंडियन सुपर लीग किंवा आय-लीग ह्यांत खेळणारा संघ सातारा वा सांगली जिल्ह्यातून आजवर उभा राहिलेला नाही. सांगलीपासून पन्नासेक किलोमीटरवरील कोल्हापुरात मात्र फुटबॉल हा पेठांचा खेळ आहे, आणि तेथील संघांची नावे भाषाभ्यासकाला उद्बोधक आहेत : पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. कुस्तीच्या संस्थेने फुटबॉल पोटात घेतला आणि नाव तेच ठेवले. नावाबरोबर नातेही तेच राहिले. शाहू स्टेडियममध्ये खेळाडू खेळतो तो प्रथम पेठेसाठी.

ह्या वातावरणातून आलेला अनिकेत जाधव १३ जुलै २००० रोजी कोल्हापुरात जन्मला. त्याचे वडील रिक्षाचालक होते. तो आघाडीचा खेळाडू. व्यावसायिक संघांतून बहुधा बगलेवर खेळलेला. लहान वयातच तो घर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. २०१७ मध्ये भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत तो भारतीय संघात होता आणि त्याच वर्षी इंडियन ॲरोज संघातून आय-लीगमध्ये उतरला. मध्यंतरी इंग्लंडमधील ब्लॅकबर्न रोव्हर्स ह्या क्लबाकडे त्याला काही काळ सरावाची संधी मिळाली. हा क्लब २०१० पासून पुण्याच्या एका उद्योगसमूहाच्या मालकीचा आहे. त्यानंतर जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल, ओडिशा असा त्याचा प्रवास झाला. २०२१–२२ चे लीग विजेतेपद मिळविणाऱ्या हैदराबाद संघात तो होता.

दोन्ही कारकिर्दी शेजारी ठेवल्या असता यशाच्या प्रमाणातील फरक सहज डोळ्यांत भरतो. त्याहून महत्त्वाचा फरक आधाराचा आहे. बेलिंगहॅमच्या पायाखाली प्रत्येक वयाला एक पायरी होती. कोल्हापूरच्या मुलाला पेठेच्या तालमीतून थेट दूरच्या शासकीय वसतिगृहात जावे लागले आणि तेथून करारांच्या जगात. तेथेही जमीन स्थिर नाही. इंडियन ॲरोज हा संघ २०२२ मध्ये बंद करण्यात आला. २०२५ च्या जुलैत तर लीगच्या आयोजकांनी नवा हंगामच स्थगित ठेवला, कारण महासंघाबरोबरच्या त्यांच्या कराराची मुदत डिसेंबरात संपत होती. एका कराराच्या मुदतीवर शेकडो खेळाडूंचे करार अवलंबून होते. 'करार' ह्या अरबी शब्दाचा मूळ अर्थ स्थिरता असा आहे, हे येथे नमूद करावेसे वाटते.

मग तालमीचे स्थान काय? ह्याचे एक उत्तर आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या नियमांत मिळते. करार चालू असताना खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात गेला, तर मोबदल्याच्या पाच टक्के रक्कम त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत घडविणाऱ्या क्लबांत वाटावयाची असते : बारा ते पंधरा ह्या वयांतील प्रत्येक हंगामामागे ०.२५ टक्के आणि सोळा ते तेवीस ह्या वयांतील प्रत्येक हंगामामागे ०.५० टक्के. वस्तादाच्या ऋणाची ही कायदेशीर नोंद होय. परंतु ती नोंदीवर चालते. ज्या मंडळाच्या दप्तरी मुलाची अधिकृत नोंदणी नाही, त्याचा ह्या रकमेवर हक्क पोहोचत नाही. तालमीने दिलेले शिक्षण खरे असते. फक्त ते कागदावर नसते.

सातारा-सांगलीच्या संदर्भात निष्कर्ष असा निघतो. येथे तालमीची परंपरा आहे, आणि दूरवर कराराचे जगही आहे. ह्या दोहोंना जोडणारी, बारा ते सोळा ह्या वयाच्या मुलाला घरी ठेवून शिकविणारी आणि त्याची नोंद ठेवणारी संस्था नाही. म्हणजेच मधली फळी नाही. ती उभी करावयाची तर आरंभ मोठ्या क्रीडागारापासून करावा लागेलच असे नव्हे. तो एका नोंदवहीपासूनही करता येईल. खाशाबांच्या वेळी एका प्राचार्यांनी घर गहाण टाकले ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. ती पुन्हा कोणावर येऊ नये, हीच व्यावसायिकतेची खरी कसोटी आहे.