आठ हजार पिसांचा हिशेब

दोन किलोच्या कोंबडीच्या अंगावर साधारण ८,००० पिसे असतात. वय दीड वर्षाच्या आसपास आले की ती ही सगळी टाकते आणि नवी घडवते. पुढे दरवर्षी तेच. हे काम ८० दिवसांत उरकले असे धरले, तर दिवसाला १०० पिसे झाली, तासाला चार, आणि त्यात रात्रीचे तासही आले. शिवाय एकेक पीस म्हणजे केवढी कारागिरी! पंखातल्या मोठ्या पिसाच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी शेकडो तंतू, त्या प्रत्येक तंतूला शेकडो उपतंतू आणि ते एकमेकांत अडकवणारे सूक्ष्म आकडे. एका पिसावरचे उपतंतू मोजू गेल्यास लाखांत जातात.

म्हणून खुराड्यात पिसांचा सडा दिसला, तुरा फिका पडून आक्रसला आणि अंडी थांबली, तरी घाबरू नये. महाराष्ट्रात जूनमध्ये सव्वातेरा तासांचा असलेला दिवस डिसेंबरात अकरा तासांवर येतो. दिवस लहान होऊ लागला की कोंबडीचे शरीर अंडी बाजूला ठेवून पिसांच्या मागे लागते. डोके आणि मान आधी, मग छाती-पाठ, पंख आणि शेवटी शेपूट. कातडीवर खपल्या, जखमा किंवा उवा-गोचिडी दिसल्या तर मात्र तो आजार समजावा.

आता या पिसांचे वजन पाहू. ते शरीराच्या सुमारे ६ टक्के, म्हणजे १२० ग्रॅम. त्यातले ८५ टक्के प्रथिन धरले तर १०२ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिन असते. म्हणजे १७ अंड्यांचे प्रथिन ती अंगावर चढवते.

पण ८० दिवसांत वाटले तर हे रोजचे सव्वा ग्रॅमच होते. रोज अंडे देणारी कोंबडी सहा ग्रॅम सहज देते, मग इथे अडते कुठे? पिसांचे प्रथिन केराटिनचे असते. त्याला गंधकयुक्त अमिनो आम्ले फार लागतात, आणि मका-ज्वारीतून ती पुरेशी मिळत नाहीत. त्यात उघड्या पडलेल्या अंगाचे तापमान ४१ अंशांवर राखायलाही ऊर्जा खर्च होते.

नेमक्या याच दिवसांत आपल्याला तिची कीव येते आणि आपण मूठभर मका जास्त टाकतो. १६ टक्के प्रथिनांच्या १०० ग्रॅम खाद्यातून १६ ग्रॅम प्रथिन मिळते. त्यातल्या निम्म्याच्या जागी ९ टक्क्यांचा मका आला की उरतात साडेबारा ग्रॅम. पिसांना रोज लागतात त्याच्या जवळजवळ तिप्पट प्रथिन आपल्या मायेने कमी केले! परसात मोकळी फिरणारी कोंबडी अळ्या, वाळवी टिपून ही तूट थोडीफार भरून काढते. खुराड्यातली सर्वस्वी आपल्यावर अवलंबून असते. तिला १८ ते २० टक्के प्रथिनांचे खाद्य द्यावे. जोडीला उकडलेले अंडे किंवा बिनमिठाची सुकट थोडी. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा, लागेल तेवढा ती खाईल. स्वच्छ पाणी आणि कोरडी, वारा न लागणारी जागा हवीच.

आणि तिला उचलू नये. उगवते पीस काट्यासारखे दिसते, पण त्याच्या नळीत रक्त खेळत असते. दाबले तर दुखते, मोडले तर रक्त वाहते.

काम कुठवर आले हे पंख सांगतो. टोकाकडची मोठी पिसे दहा, आणि प्रत्येकाला पूर्ण वाढायला सुमारे सहा आठवडे लागतात. काही कोंबड्या त्यांतली बरीच एकदम टाकतात आणि लवकर सावरतात. दर दोन आठवड्यांनी एकच टाकणारीला मात्र २४ आठवडे लागतात. दहावे पीस पूर्ण होऊन तुरा लाल होईपर्यंत प्रथिनांचा खुराक चालू ठेवावा. तोवर अंड्यांची घाई करू नये. सतरा अंड्यांचे प्रथिन तिने नुकतेच स्वतःवर खर्च केलेले असते.